साथीच्या काळात नळ आणि गटारं चालू ठेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च २०२० मध्ये दुकानं, शाळा, रेल्वे सगळं थांबलं. नळाला मात्र पाणी येत राहिलं आणि मैला वाहून जात राहिला. त्यामागे कोण होतं, ते काय करत होते आणि पुढच्या साथीत काय करावं लागेल, याबद्दल सरपंच, सोसायटीचे सेक्रेटरी, पंप ऑपरेटर आणि गृहिणी पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं मुख्यतः कोविडची आणि महाराष्ट्रातली आहेत, कारण तो अनुभव अजून ताजा आहे. उत्तरांमागचं म्हणणं एकच आहे: साथ पाइपलाइनला होत नाही, ती चालवणाऱ्या माणसांना होते. आधी त्यांना सांभाळायला हवं.

करोना नळाच्या पाण्यातून पसरतो का?

नाही. पिण्याच्या पाण्यातून करोना पसरल्याचा पुरावा मिळालेला नाही. या विषाणूभोवती चरबीचं नाजूक आवरण असतं. साबण ते फोडतो आणि क्लोरीनपुढेही ते टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे की क्लोरीन टाकल्यावर किमान अर्धा तास जाऊ द्यावा, पाण्याचा सामू (पीएच) ८ च्या खाली असावा आणि त्यानंतर पाण्यात लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला असावा. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या आयएस १०५०० या भारतीय मानकातही एरवी ०.२ मिलिग्रॅम आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा ०.५ मिलिग्रॅम असंच सांगितलं आहे. म्हणजे साथीसाठी वेगळं औषध लागत नाही. रोजचं काम रोज आणि नीट व्हायला हवं.

खरी भीती दुसरीच आहे. करोनाच्या धावपळीत क्लोरिनेशन ढिलं पडलं तर कावीळ, गॅस्ट्रो, विषमज्वर लगेच डोकं वर काढतात. त्यांचे जंतू पाण्यातूनच येतात आणि काविळीचा विषाणू करोनापेक्षा कितीतरी चिवट असतो. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे हिपॅटायटिस ई या काविळीची मोठी साथ आली होती. रुग्णालयं आधीच भरलेली असताना असं काही झालं तर काय होईल, याची कल्पना करून बघा.

मग पाणी उकळूनच प्यायचं का?

नळाच्या पाण्याला क्लोरीनचा हलका वास येत असेल तर करोनासाठी म्हणून उकळायची गरज नाही. पाणी गढूळ आलं, वास बदलला किंवा पुरवठा बरेच दिवस बंद राहून पुन्हा सुरू झाला, तर जरूर उकळा. घरात लहान बाळ किंवा आजारी माणूस असेल तर एरवीही उकळलेलं बरं.

साथीत पाणीपुरवठा नेमका कुठे अडतो?

माणसांपाशी. मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी येतं. भांडुपचं जलशुद्धीकरण केंद्र तर आशियातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक. पण ते पाणी एखाद्या चाळीच्या नळाला पोचतं ते चावीवाल्याच्या हातून. कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती वाजता उघडायचा, किती आटे फिरवायचा, उंचावरच्या वस्तीला दाब मिळावा म्हणून खालच्या लाइनचं पाणी कधी कमी करायचं, हे त्याला पाठ असतं. लहान शहरांत तर हे सगळं दोन-तीन जणांच्या डोक्यात असतं आणि कागदावर काहीच नसतं. नकाशावर नसलेला एखादा व्हॉल्व्ह डांबराखाली गेलेला असतो आणि तो नेमका कुठे आहे हे फक्त त्यालाच ठाऊक असतं.

असे तीनपैकी दोघं एकाच आठवड्यात तापाने पडले तर धरण भरलेलं असूनही शहर तहानलेलं राहतं. म्हणून साथीची पहिली तयारी वही घेऊन करायची. व्हॉल्व्हमनसोबत एक पूर्ण फेरी मारा. प्रत्येक व्हॉल्व्हला क्रमांक द्या, जवळची खूण लिहा (देवळाची पायरी, डीपीचा खांब, पिठाची गिरणी), आटे किती आणि उघडायची दिशा कोणती तेही लिहा, मोबाइलवर फोटो काढा. पंप सुरू आणि बंद करण्याचा क्रमही असाच लिहून पंपगृहाच्या भिंतीवर लावा. दोन दिवसांचं काम आहे. साथ नसतानाच करून ठेवा, कारण साथ आल्यावर त्या माणसाला तुमच्यासोबत फिरायला वेळ नसतो.

पाळ्या कशा लावाव्यात?

तीच माणसं कायम एकाच पाळीत ठेवा. पहिल्या पाळीतला ऑपरेटर दुसऱ्या पाळीतल्याला भेटता कामा नये. एरवी पाळी बदलताना चहा होतो, दोन गोष्टी बोलल्या जातात. साथीत तेवढं फोनवर करायचं. लॉगशीट लिहायची, तिचा फोटो पाठवायचा आणि निघायचं. पॅनेलची बटणं, दाराचे हँडल, टेबल, व्हॉल्व्हची चावी नवी पाळी येताच पुसून घ्यायची.

एक तुकडी पूर्ण राखीव ठेवता आली तर उत्तम. तिने घरीच थांबायचं आणि पगार पूर्ण मिळायचा. हा पगार वाया जात नाही, तो आपला विमा आहे. काही ठिकाणी कर्मचाऱ्यांना केंद्रातच मुक्कामी ठेवलं जातं. तसं करायचं असेल तर गाद्या, जेवण, स्वच्छ शौचालय आणि घरी बोलायला फोन यांची सोय आधी करा, आदेश नंतर काढा.

निवृत्त कर्मचाऱ्यांना परत बोलवावं का, असंही विचारतात. त्यांचं ज्ञान अनमोल आहे, पण कोविडसारख्या आजारात साठीपुढच्या माणसालाच सर्वांत जास्त धोका असतो. त्यांना पंपगृहात उभं करू नका, घरून फोनवर मार्गदर्शन करू द्या.

ताप असताना कामावर आला म्हणून कुणाचं कौतुक करू नका. आणि आजारी पडला म्हणून रोजंदारीवाल्याचे पैसे कापाल, तर तो ताप लपवून कामावर येईल आणि अख्खी पाळी झोपेल. कंत्राटी कामगारांची आजारपणाची रजा भरपगारी ठेवणं हा साथीतला सर्वांत स्वस्त उपाय आहे, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या ग्रामपंचायतीत पाणी सोडणारा एकच माणूस आहे. तो आजारी पडला तर?

दुसरा आजच तयार करा. बहुतेक गावांत जलसुरक्षक, म्हणजे पाण्याची शुद्धता बघणारा ग्रामपंचायतीचा माणूस असतो, त्याला पंप शिकवा. पंप चालवणाऱ्याला टीसीएल टाकायला शिकवा. महिला बचत गटातल्या दोघींनी शिकून घेतलं तर अधिकच चांगलं.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकण्याची पद्धत अशी: दर १,००० लिटरला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे १०,००० लिटरच्या टाकीला ५० ग्रॅम. पावडर थेट टाकीत उधळायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत थोडं पाणी घालून आधी लापशीसारखी कालवायची, मग पाणी वाढवून ढवळायची आणि स्थिर ठेवायची. चोथा खाली बसला की वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची. चोथा टाकीत गेला तर तळाला साचतो आणि व्हॉल्व्हमध्ये अडकतो. त्यानंतर किमान अर्धा तास पाणी सोडायचं नाही.

मग ओटी चाचणी, म्हणजे ऑर्थोटोलिडिन या द्रावणाने पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघणं. टाकीखालच्या नळाला नको, गावाच्या शेवटच्या टोकाला जे घर असेल तिथल्या नळाला करा. नळीत पाणी घ्या, ओटीचे थेंब टाका, पिवळा रंग आला तर क्लोरीन शेवटपर्यंत पोचला. रंग आला नाही तर मात्रा कमी पडली, पावडर जुनी आहे किंवा मधे कुठे गळती आहे. ओटीचं द्रावण विषारी असतं. तपासलेलं पाणी भांड्यात परत ओतू नका आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका.

पावसाळ्याआधी गावाला स्वच्छता सर्वेक्षणाचं लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल कार्डाच्या गावाने साथ येण्याआधीच गळक्या लाइन आणि विहिरीभोवतीचं डबकं यांचा बंदोबस्त करावा. साथीत प्लंबरही मिळत नाही.

क्लोरीन, तुरटी यांचा साठा किती ठेवावा?

महिनाभर पुरेल एवढा तरी. टाळेबंदीत कारखाना चालू असतो, पण ट्रकचा ड्रायव्हर मिळत नाही किंवा जिल्ह्याच्या सीमेवर गाडी अडते. पुरवठादाराचा फोन, पर्यायी पुरवठादाराचा फोन आणि वाहतूक पासची तयारी एका कागदावर हवी. बेअरिंग, ग्लँड, फ्यूज, स्टार्टरचे सुटे भाग हेही त्याच यादीत घ्या. एका सुट्या भागासाठी पंप आठवडाभर बंद पडू शकतो.

साठा करतानाही भान हवं. टीसीएलचा जोर दिवसेंदिवस उतरतो. ओलसर खोलीत तोंड उघडं राहिलेल्या पोत्यात वर्षाने नुसता चुना उरतो. कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा, जुनं आधी वापरा. क्लोरीनचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पाण्यासाठी वापरू नये.

रसायन दुसऱ्या वाटेने कसं अडकतं याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. फ्लोरिडातल्या ऑरलँडो शहरात पाणी शुद्ध करायला द्रवरूप ऑक्सिजनपासून केलेला ओझोन वापरतात. ऑगस्ट २०२१ मध्ये तो ऑक्सिजन रुग्णालयांना लागू लागला आणि महापौरांना नागरिकांना पाणी जपून वापरण्याची विनंती करावी लागली. आपली रसायनं आणखी कुणाला लागतात, हे आधीच माहीत असलेलं बरं.

क्लोरीन वायूच्या टनरवर (मोठ्या आडव्या सिलिंडरवर) मात्र अंतर राखण्यासाठी म्हणून एकट्याने काम करू नका. टनर बदलताना दोन प्रशिक्षित माणसं हवीतच, गळतीची चाचणी अमोनियाच्या बोळ्याने व्हायलाच हवी. मास्क लावून दोघं उभे राहिले तरी चालेल. एकटा माणूस वायूत सापडला तर त्याला बाहेर ओढायला कुणी नसतं.

सांडपाण्यात काम करणाऱ्यांना करोनाचा धोका किती?

रुग्णाच्या विष्ठेत विषाणूचे अंश सापडतात, म्हणून ते सांडपाण्यातही सापडतात. पण सांडपाण्यातून कुणाला कोविड झाल्याचं पक्कं दिसलेलं नाही. सफाई कामगाराला त्याहून मोठा धोका सहकाऱ्याकडून, गाडीच्या बंद केबिनमधून आणि एकत्र जेवण्यातून होता. त्यामुळे गमबूट, जाड रबरी हातमोजे, चेहऱ्यासमोर ढाल, मास्क, पूर्ण बाह्यांचा अंगरखा हा एरवीचाच पोशाख हवा. फक्त तो खरोखर मिळाला पाहिजे आणि रोज धुतला गेला पाहिजे. रुग्णालयातला बंदिस्त पीपीई किट घालून मे महिन्याच्या उन्हात चेंबर साफ करायला लावलं तर माणूस उष्माघाताने पडेल.

कामाच्या जागी साबण, पाणी आणि अंघोळीची सोय हवी. गमबूट आणि कपडे तिथेच राहावेत, घरी जाऊ नयेत. कावीळ ब आणि धनुर्वाताच्या लसी झालेल्या असाव्यात.

घाईच्या नावाखाली किंवा जेटिंग मशीन (जोरदार पाणी मारून गटार मोकळं करणारं यंत्र) आलं नाही म्हणून माणसाला मॅनहोलमध्ये उतरवणं साथीतही गुन्हाच आहे. हाताने मैला साफ करण्यावर बंदी आणणारा २०१३ चा कायदा टाळेबंदीत स्थगित होत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई ठरवून दिली. पण गेलेलं माणूस त्याने परत येत नाही. चेंबर तुंबलं असेल तर सक्शन गाडीची वाट बघा. दोन दिवस दुर्गंधी सोसता येते.

कामाचे आदेशही लेखी द्या. कोविड काळात कर्तव्यावर मृत्यू झालेल्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना मदत मिळवताना त्या दिवशी तो कामावर होता हे कागदाने दाखवावं लागलं. तोंडी बोलावलेल्या कंत्राटी कामगाराची बायको हा कागद आणणार कुठून?

गटारांत आणि रस्त्यांवर हायपो फवारावं का?

नको. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण. साथ आली की काहीतरी फवारण्याची घाई जुनीच आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हाही गटारं कार्बोलिक ॲसिडने धुऊन काढली होती. रोग मात्र उंदरांच्या पिसवांमधून पसरत राहिला. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की रस्त्यांवर फवारणी उपयोगाची नाही आणि माणसांवर तर ती कधीच करू नये.

सांडपाण्याच्या बाबतीत आणखी एक नुकसान आहे. प्रक्रिया केंद्रातलं निम्मं काम जिवंत जीवाणू करतात. हवा भरलेल्या टाकीत तेच मैला खातात. गटारात ओतलेलं हायपो तिथवर पोचलं की ते मरतात आणि केंद्र पुन्हा रुळावर यायला बराच काळ लागतो. तोवर सांडपाणी तसंच नदीत जातं. सेप्टिक टँकचंही तेच. हायपो हाताळल्या जाणाऱ्या पृष्ठभागांसाठी ठेवा: हँडल, नळाची तोटी, कडी, पॅनेल.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: ब्लीचिंग पावडर किंवा हायपो शौचालयाच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जीव घेऊ शकतो.

वरच्या मजल्यावर रुग्ण आहे. ड्रेनेजच्या पाइपातून आमच्याकडे काही येईल का?

सहसा नाही, पण प्रश्न खोटा नाही. मार्च २००३ मध्ये सार्स या श्वसनरोगाच्या साथीत हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत ३०० हून अधिक रहिवाशांना लागण झाली आणि ४२ जण दगावले. तपासात असं दिसलं की न्हाणीघरांच्या जमिनीतल्या ट्रॅपमधलं पाणी आटलं होतं. ड्रेनेजच्या उभ्या पाइपातली दूषित हवा तिथून वर येत होती आणि न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा ती आत ओढत होता.

आपल्याकडचा नहाणी ट्रॅपही असाच असतो. पाइपाच्या वाकात पाणी भरलेलं असतं तोवर हवा आत येत नाही. पाहुण्यांच्या खोलीची न वापरलेली मोरी, गच्चीवरचं बंद शौचालय यांतलं पाणी उन्हाळ्यात लवकर उडून जातं. आठवड्यातून एकदा तिथे एक बादली पाणी ओता. ड्रेनेजचा वास येतोय म्हणजे कुठला तरी ट्रॅप कोरडा आहे किंवा फुटला आहे, हे समजा. रुग्णाने झाकण लावून फ्लश करावं. उभ्या पाइपाला तडा असेल तर सोसायटीने सभेची वाट न बघता तो बदलावा.

सार्वजनिक शौचालय, नळकोंडाळं, टँकर इथली गर्दी कशी सांभाळायची?

धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखो माणसं आणि बहुतेकांना सार्वजनिक शौचालयच वापरावं लागतं. ‘घरात राहा’ या सूचनेचा तिथे फारसा उपयोग नव्हता. महापालिका, खासगी डॉक्टर आणि स्थानिक संस्था घरोघर गेल्या, शौचालयं दिवसातून अनेकदा धुतली गेली, विलगीकरणासाठी जागा उभ्या राहिल्या. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ आटोक्यात आणल्याचं उदाहरण म्हणून धारावीचं नाव घेतलं. त्यात शौचालयं धुणाऱ्यांचा वाटा फार मोठा होता आणि तो फारसा कुणी मोजला नाही.

तुमच्या वस्तीत करायच्या गोष्टी साध्या आहेत. शौचालयात पाणी चोवीस तास ठेवा, बाहेर साबणासह नळ ठेवा आणि शक्य असेल तर तो कोपराने किंवा पायाने चालणारा असू द्या. दार आणि कडी दर दोन-तीन तासांनी पुसून घ्या. पैसे घेणं तेवढ्या काळापुरतं बंद करा. पाणी एक तास येत असेल तर दोन तास सोडा, रांग आपोआप विरळ होते. टँकर एकाच चौकात उभा न करता दोन-तीन जागी फिरवा. हंडा भरायला बहुतेक बायकाच उभ्या असतात, तेव्हा वेळ त्यांना विचारून ठरवा.

सगळे घरी असल्याने पाणी जास्त लागतं का?

हो. कार्यालयं, हॉटेलं, कारखाने यांची मागणी घरांकडे सरकते आणि सकाळचा जोर तासा-दोन तासांनी उशिरा येतो. वेळापत्रक त्याप्रमाणे बदला. हात धुताना नळ सुरूच ठेवला तर एका वेळी सहज दोन लिटर जातं. पाच जणांचं घर, प्रत्येकाने दहा वेळा धुतले तर १०० लिटर तिथेच संपलं. साबण लावताना नळ बंद करा. गावाकडे माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने योजना असते, तिथे हा फरक लगेच जाणवतो.

बिल थकलं तर कनेक्शन तोडावं का?

साथ सुरू असताना नाही. हप्ते द्या, नंतर वसूल करा. मीटर रीडिंगला माणूस पाठवण्याऐवजी ग्राहकाकडून फोटो मागवा किंवा सरासरी बिल द्या.

साथीतच वादळ किंवा पूर आला तर?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि रत्नागिरीतल्या दापोली, मंडणगडच्या गावांत विजेचे खांब कोसळले, कित्येक गावं अनेक दिवस अंधारात राहिली आणि विजेवरच्या नळयोजना ठप्प झाल्या. हात धुवा म्हणायचं, तर पाणीच नाही. तिथे हातपंप, जुन्या विहिरी आणि डिझेल जनरेटर यांनी दिवस काढले. नळ आला म्हणून गावची विहीर कचऱ्याने बुजवू नका. ती उपसून, टीसीएल टाकून वापरायोग्य ठेवा. किनाऱ्यावरच्या आणि पूररेषेतल्या योजनांना जनरेटर व डिझेलची सोय पावसाळ्याआधी हवी.

सांडपाणी तपासून साथ आधी कळते म्हणतात, ते खरं आहे?

खरं आहे. मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने पोलिओसाठी तपासले जातात. कोविडमध्ये नेदरलँड्सच्या ॲमर्सफोर्ट शहरात रुग्णांची नोंद होण्याआधीच सांडपाण्यात विषाणूचे अंश सापडले होते. पुढे पुणे, हैदराबाद, अहमदाबाद इथेही असं काम झालं. माणूस चाचणीला जाईल न जाईल, शौचालयाला जातोच. त्यामुळे पूर्ण वस्तीचा अंदाज एका बाटलीत मिळतो. पण जिथे ड्रेनेज नाही, घरोघर सेप्टिक टँक आहेत, तिथे हे तंत्र फार चालत नाही. नमुना घेणारा कामगारही सुरक्षित पोशाखात हवा, हे प्रयोगशाळांनी विसरू नये.

शाळा किंवा कार्यालय बरेच महिने बंद होतं. उघडताना काय करायचं?

साचलेलं पाणी तसंच वापरू नका. त्यातला क्लोरीन कधीच उडून गेलेला असतो आणि कोमट साचलेल्या पाण्यात लीजिओनेला नावाचा जीवाणू वाढू शकतो. त्याचे तुषार श्वासातून गेले तर न्यूमोनिया होतो. गच्चीवरची आणि जमिनीखालची टाकी रिकामी करून घासा, क्लोरीनच्या पाण्याने धुवा, ताजं पाणी भरा. टाकीपासून सुरुवात करून एकेक नळ उघडा आणि पाणी स्वच्छ, गार येईपर्यंत वाहू द्या. त्या वेळी खिडक्या उघड्या ठेवा आणि मास्क लावा. गिझर आणि शॉवर शेवटी घ्या, शॉवरचं तोंड काढून धुवा. वॉटर कूलरचं फिल्टर बदला. प्रत्येक मोरीत, मुतारीत आणि बेसिनमध्ये पाणी ओतून ट्रॅप भरून घ्या. मुलं यायच्या आदल्या दिवशी शेवटच्या वर्गाबाहेरच्या नळाला ओटी चाचणी करा. पिवळा रंग आला नाही तर टाकीत पुन्हा टीसीएलची निवळी टाका आणि दुसऱ्या दिवशी मुलांना पाणी घरून आणायला सांगा.